खांड पडण्याआधी

रायगड जिल्ह्यात नागोठण्याच्या खाली अंबा नदी हळूहळू खाडी होत जाते आणि पेण व अलिबाग तालुक्यांच्या मधून धरमतरकडे उतरते. तिच्या दोन्ही काठांना आणि तिला येऊन मिळणाऱ्या लहानमोठ्या खाड्यांना मातीचे बांध आहेत. पौर्णिमेच्या उधाणाला यातल्या एखाद्या बांधावर उभं राहिलं, तर एका हाताला काठोकाठ भरलेली खाडी दिसते आणि दुसऱ्या हाताला भाताची खाचरं, खाडीच्या पाण्यापेक्षा खालच्या पातळीवर. मधे असते ती केवळ माती. ती माती तिथे पहिल्यांदा कोणी घातली याची माहिती जुन्या कागदपत्रांत थोडीफार मिळते. पण ती टिकवली कोणी, दरवर्षीची भोकं कोणी बुजवली, त्या मेहनतीची भरपाई कोणाकडून झाली, हे फारसं कोणी लिहून ठेवलेलं नाही. पुढची पानं या राहून गेलेल्या गोष्टीबद्दल आहेत, आणि म्हणून त्यांची प्रस्तावना लिहायला मी आनंदाने तयार झालो.

पूर अडवणाऱ्या बांधांची चर्चा आपल्याकडे दोनदाच होते: बांध मंजूर होतो तेव्हा आणि फुटतो तेव्हा. मधली तीस-चाळीस वर्षं कोणाच्या खिजगणतीत नसतात. नव्या कामासाठी अंदाजपत्रकात तरतूद निघते, भूमिपूजन होतं. खेकड्याचं बीळ बुजवायला तरतूद नसते. माझं मत इथेच सांगून टाकतो. बांध किती उंच आहे हे विचारण्याआधी तो कोणाच्या ताब्यात आहे, त्यावरून शेवटचं कोण आणि कधी चालत गेलं, आणि भोक दिसल्याच्या दुसऱ्या दिवशी तिथे माती टाकण्याचा अधिकार कोणाला आहे, हे विचारायला हवं. या तीन प्रश्नांना गावात कोणी पटकन उत्तर देऊ शकत नसेल, तर तो बांध कितीही उंच असो, मला त्याची धास्ती वाटते.

खाडीकाठच्या या बांधांना दोन पाण्यांशी झुंजावं लागतं. एक भरतीचं, रोज दोन वेळा येणारं. दुसरं सह्याद्रीवरून येणारं, पावसाळ्यातलं. अंबा लहान नदी आहे, घाटमाथ्यापासून खाडीपर्यंतचा तिचा प्रवास थोडका. पण घाटात पाऊस कोसळला की ती काही तासांत रूप पालटते. १९८९ च्या जुलैत जांभूळपाड्याने आणि नागोठण्याने ते रूप पाहिलं. वरून असा लोंढा यावा आणि त्याच वेळी खालून उधाणाची भरती चढलेली असावी, हा बांधाच्या दृष्टीने सर्वांत वाईट योग. पुराला समुद्राकडे जायला वाट मिळत नाही, खाडी फुगते आणि बांधाच्या माथ्याशी येऊन टेकते. शिवाय बांधाच्या आत पडलेला पाऊसही बाहेर काढावा लागतो. त्यासाठी उघाडी असते. बांधातून आरपार काढलेली मोरी आणि तिला खाडीच्या बाजूने झडप. भरतीच्या रेट्याने झडप आपोआप बंद होते आणि ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. या साध्या रचनेवर शेकडो एकरांचं पीक अवलंबून असतं. झडपेत ओंडका अडकला, समोर गाळ साचला, किंवा मासळीसाठी कोणी रात्री झडप अडवून ठेवली, तर बांध शाबूत असूनही खारं पाणी शेतात शिरतं.

आणि एकदा शिरलं की एका हंगामावर भागत नाही. खार जमिनीत भात पिकवायचं तर आधी पावसाच्या पाण्याने जमिनीतलं मीठ धुऊन काढावं लागतं. पहिले पाऊस शेतात साठू द्यायचे, उघाडीतून सोडून द्यायचे, पुन्हा साठू द्यायचे; मग रहू पद्धतीने मोड आलेलं बी चिखलावर फेकायचं. जुने शेतकरी यासाठी राता भात राखून असत. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पुढे काळा राता, भुरा राता या वाणांची निवड केली, आणि नंतर पनवेल-१, २, ३ अशा खारं सोसणाऱ्या जाती दिल्या. पण कुठलीही जात भर हंगामात आलेलं भरतीचं पाणी सोसत नाही. मोठी खांड पडून, म्हणजे बांधाला तोंड पडून, समुद्र आत आला, की पुढची दोन-तीन वर्षं जमीन नीट पीक देत नाही. इतक्या अवधीत घरातला तरुण माणूस पनवेलला नाहीतर एखाद्या कारखान्यात कामाला लागलेला असतो, आणि मग बांधावर चालणारा एक माणूस कमी होतो.

खांड पडते कशी, हे बारकाईने पाहण्यासारखं आहे. पाणी बांधावरून वाहून बांध गेला, असं फार थोड्या वेळा घडतं. बहुतेकदा सुरुवात होते ती बिळापासून. खेकडा खाडीच्या बाजूने पोखरत जातो, उंदीर शेताच्या बाजूने येतो, आणि दोघांची बिळं कुठेतरी जवळ येतात. किंवा उन्हाळ्यात माती आकसते, भेग पडते, पावसाळ्याआधी ती कोणी भरत नाही. उधाणाला त्यातून झिरप सुरू होते. शेताच्या बाजूला बांधाच्या पायथ्याशी ओल दिसते, तिथलं गवत भलत्या दिवसांत हिरवं असतं. झिरपणारं पाणी स्वच्छ असेल तर अजून वेळ आहे. ते गढूळ झालं, की बांधाच्या पोटातली माती वाहून जायला लागली असं समजायचं. बांधाची राखण करणारा जुना माणूस चालताना माथ्याकडे बघत नसे, तो शेताकडच्या पायथ्यावर नजर ठेवून चाले. हातात काठी असे, ओलसर जागी ती टोचून बघे, आणि निघालेल्या पाण्याचा रंग बघून आज माणसं बोलवायची की उद्या ते ठरवी. आजचे अभियंते झिरपमापक नळ्या बसवून हेच तपासतात. नळ्या असाव्यातच. पण नळी जिथे बसवली तिथलंच सांगते, आणि बीळ पडतं ते दोन नळ्यांच्या मधल्या लांब पट्ट्यात.

एकदा तोंड पडलं की ते भरतीपेक्षा ओहोटीला जास्त वाढतं. भरतीत आत शिरलेलं पाणी ओहोटीला त्याच अरुंद वाटेने बाहेर धावतं आणि जाताना तळ खरवडून नेतं. म्हणून सकाळी हातभर असलेली खांड दोन दिवसांत दहा-बारा हात होते आणि तिचा तळ खाडीच्या तळाशी भिडतो. ती बांधायची तर भांगाचे दिवस साधावे लागतात. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भरती कमी चढते, प्रवाहाचा जोर कमी असतो, आणि ओहोटीचे काही तास हाताला लागतात. आधी दोन्ही बाजूंनी मेढींच्या दुहेरी रांगा ठोकायच्या, त्यात फांद्या विणायच्या, मधे पेंढा आणि खाडीच्या चिकण मातीची ढेकळं भरत यायची. माणसांची रांग लावून ढेकूळ हातोहात पुढे जातं. ही माती बांधाच्या पायथ्यापासून काढायची नाही हा पक्का नियम, कारण पायथा खणला की आज बुजवलेल्या खांडीशेजारी पुढच्या वर्षी नवी खांड ठरलेली. प्रत्येक थर पायांनी तुडवायचा. शेवटची चार-पाच हातांची फट एकाच ओहोटीत बंद व्हावी लागते. ती राहिली तर पुढची भरती सगळं केलेलं काम ओढून नेते. आणि खांडीत खोल डोह पडला असेल, तर त्याच्याशी झगडत बसायचं नाही. डोहाला वळसा घालून आतल्या अंगाने नवा बांध घ्यायचा आणि तेवढी जमीन खाडीला सोडून द्यायची. ती जमीन कोणाची जाणार आणि तिच्या बदल्यात त्याला काय द्यायचं, हा प्रश्न अर्थात मातीकामाने सुटत नाही.

आज हे काम पोकलेनने होतं. यंत्राला माझा विरोध नाही; चाळीस माणसांचं चार दिवसांचं काम ते एका ओहोटीत करू शकतं. पण यंत्र चालवणाऱ्याला जवळची माती सोयीची असते, म्हणून तो पायथ्यालगतच चर खणतो. टाकलेला ढीग तुडवला जात नाही. कधी डोंगराकडचा मुरूम आणून टाकतात. चिकण मातीच्या जुन्या बांधात मुरमाचं ठिगळ बसत नाही. दोन मात्यांच्या सांध्यातून पाणी वाट काढतं आणि दोन पावसाळ्यांत ठिगळाच्या दोन्ही बाजूंना नव्या खांडी दिसू लागतात. कामाच्या मोजमापात मात्र किती घनमीटर माती टाकली तेवढंच लिहिलेलं असतं. माती कुठून आणली आणि तुडवली का, याला रकाना नाही.

कोलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यात बांध राखण्याची व्यवस्था पूर्वी कशी चाले याचा इतिहास लांबचा आहे. तो या प्रस्तावनेत मावणारा नाही, पण त्याचा कणा सांगायला हवा. खाजण, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणारी जमीन, बांधून शेत करायला कोणी पुढे आला तर राज्याकडून इस्ताव्याचा कौल मिळे, म्हणजे पहिली काही वर्षं सारा माफ आणि मग तो हळूहळू चढत जाणार. बांध घालणारे शिलोत्रीदार झाले. बाहेरचा मोठा बांध राखणं ही त्यांची जबाबदारी, आणि त्यापोटी कुळांकडून बिघ्यामागे ठरलेलं भात घेण्याचा त्यांचा हक्क. या व्यवस्थेत न्याय फारसा नव्हता, पण एक गोष्ट स्पष्ट होती: भात घेणाऱ्याचं नाव आणि बांधाला जबाबदार असणाऱ्याचं नाव एकच होतं. पुढे ही सांगड सुटत गेली. खोत आणि सावकार भात घेत राहिले, बांधाची मेहनत मात्र कुळांच्या अंगावर पडली. अलिबाग तालुक्यातल्या चरी-कोपर भागात १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन कसायचं बंद केलं आणि १९३९ पर्यंत तो संप टिकवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या लढ्याच्या पाठीशी उभे राहिले, आणि १९३७ साली त्यांनी खोती रद्द करण्याचं विधेयक कायदेमंडळात मांडलं. हा संप आपण खंडाचा आणि मालकीचा लढा म्हणून वाचतो, आणि ते बरोबरच आहे. पण ती जमीन खार जमीन होती, बांधावाचून ती एका पावसाळ्यातही शेत राहिली नसती, आणि तो बांध कुळांच्या घामावर उभा होता. या बाजूने त्या सात वर्षांचा अभ्यास व्हायला हवा.

कूळकायद्याने कसणाऱ्याला जमीन मिळाली. तो बदल व्हायलाच हवा होता, त्याबद्दल माझ्या मनात किंचितही शंका नाही. मात्र सात-बारावर शेत चढलं आणि बांध अधांतरी राहिला. शे-दोनशे नव्या मालकांची शेतं एकाच बांधामागे होती. बांध त्यांच्यापैकी कोणा एकाचा नव्हता. १९४८ साली मुंबई राज्याने खार जमिनींचा कायदा केला आणि त्यासाठी मंडळ नेमलं, पुढे १९७९ साली महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम आला. ज्या योजना सरकारने हाती घेतल्या त्यांचे बांध खात्याकडे गेले. ज्या खाजगी राहिल्या त्या गावाच्या ऐपतीवर राहिल्या. खात्याच्या बांधाबाबत गावात एक वाक्य सर्रास ऐकू येतं, "तो सरकारचा आहे." हे वाक्य ऐकलं की मला वाईट वाटतं, पण बोलणाऱ्याचा दोष काढता येत नाही. वर्षानुवर्षं त्याने भोक दाखवायचं, अर्ज द्यायचा आणि वाट बघायची, असं चाललं असेल, तर तो बांध त्याचा कसा उरणार?

गोव्यात हेच वळण थोड्या वेगळ्या वाटेने आलं. तिथल्या खाजन शेतीचे बांध आणि मानशी, म्हणजे पाण्याची दारं, गावकरी या गावसंस्थेच्या देखरेखीखाली होती. १९६४ च्या कूळकायद्यानंतर जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली आणि १९७५ च्या नियमांनी तिला सामुदायिक जबाबदारीचं रूप दिलं. कागदावर ही रचना आपल्यापेक्षा चांगली आहे, असं मला वाटतं. पण मानशीतल्या मासळीच्या लिलावाला जो भाव येतो तो भाताला येत नाही, आणि लिलाव घेणाऱ्याचं हित खारं पाणी आत घेण्यात असतं. बांध राखणाऱ्या संस्थेचं उत्पन्नच बांधामागच्या शेताच्या मुळावर येतं. शिवाय मांडवी-जुवारीवरून खनिजाची बार्जेस वर्षानुवर्षं धावली; त्यांच्या लाटांनी बांधांचे पायथे धुऊन काढले.

हा प्रश्न लहान खाड्यांचा, लहान शेतांचा आहे असं कोणाला वाटेल, म्हणून नेपाळमधून बिहारमध्ये उतरणाऱ्या कोसी नदीचं उदाहरण देतो. १८ ऑगस्ट २००८ रोजी कोसीचा पूर्वेकडचा तटबंध नेपाळमधल्या कुसहा इथे, बॅरेजपासून सुमारे १३ किलोमीटर वरच्या बाजूला, फुटला. तो तटबंध साडेनऊ लाख क्युसेक पाणी पेलण्यासाठी आखलेला होता. त्या दिवशी नदीत दोन लाखांपेक्षाही कमी पाणी होतं. पुराच्या आकड्यांत बसणारा तो पूरच नव्हता. काठाचं रक्षण करणाऱ्या स्परची झीज ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासून दिसत होती. भारत-नेपाळमधल्या १९५४ च्या करारानुसार बांध नेपाळच्या हद्दीत आणि निगा राखायची बिहारने, त्यामुळे दगड नेण्यापासून मजूर लावण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीला दोन देशांचा संबंध येई. त्यात दोन आठवडे गेले. सुपौल, मधेपुरा, सहरसा, अररिया, पूर्णिया या जिल्ह्यांत तीस लाखांहून अधिक माणसं पाण्यात सापडली. नदीने शंभरएक वर्षांपूर्वी सोडलेल्या वाटा पुन्हा धरल्या. त्याही आधी, १९६८ च्या ऑक्टोबरात कोसीला खरोखरच प्रचंड पाणी आलं होतं, नऊ लाख क्युसेकच्या वर. तेव्हा दरभंगा जिल्ह्यात जमालपूरजवळ तटबंध फुटला आणि चौकशीत ठपका आला उंदरांच्या आणि कोल्ह्यांच्या बिळांवर. या निष्कर्षाची त्या वेळी टिंगल झाली. मला तो निष्कर्ष गंभीरपणे घ्यावासा वाटतो, कारण पुढचा प्रश्न त्यातूनच निघतो: ती बिळं बुजवायची जबाबदारी कोणाची होती?

नेदरलँडमध्ये मध्ययुगात या प्रश्नाला फार कठोर उत्तर होतं. ज्याच्या वाट्याचा बांध त्याला राखता येत नसे, त्याने बांधात आपलं फावडं रोवून निघून जायचं; जो ते फावडं उपटेल त्याला जमीन मिळे आणि तिच्याबरोबर बांधही. इतकी निष्ठुर रीत आज कोणाला नको. पण त्यातून पुढे पाणीमंडळं वाढली, ती आजही स्वतंत्र निवडणूक घेतात आणि स्वतःचा कर स्वतः वसूल करतात. बांधाचा पैसा शाळेच्या, रस्त्याच्या पैशाशी स्पर्धा करत बसत नाही. आपल्याकडे एखाद्या खारभूमी योजनेतल्या शेतकऱ्यांना असा लहानसा कर स्वतः लावून स्वतः खर्च करता आला, आणि त्यात सरकारने तितकीच भर घातली, तर काय होईल, हे एकदा करून पाहायला हवं.

आता तिवरांबद्दल, कारण त्यावाचून आजचा बांध समजत नाही. बांधाच्या खाडीकडच्या अंगाला तिवरांचा पट्टा असला तर लाटेचा जोर तिथेच मोडतो. जुने लोक तो पट्टा राखत. पण बांधाच्या अंगावर उगवलेलं तिवर दगडी अस्तर उचकटतं आणि बांधाला कमजोर करतं, म्हणून तेवढं ते काढत. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांच्या तोडीवर बंदी घातली आणि २०१८ च्या निकालाने ती पक्की केली. मुंबई-ठाण्यात तिवरं ज्या वेगाने गाडली जात होती ते पाहता ही बंदी अत्यावश्यक होती, आजही आहे. रायगडच्या शेतकऱ्याला मात्र ती एका अवघड जागी गाठते. खांड पडते, दुरुस्ती लांबते, खारं पाणी दोन-तीन वर्षं शेतात येत-जात राहतं आणि त्या शेतात तिवराची रोपं उगवतात. मग ती जमीन सात-बारावर शेत आणि प्रत्यक्षात संरक्षित तिवरवन होऊन बसते. बांधाची दुरुस्ती करायला गेलेल्या माणसाला आपल्याच शेतात उतरण्यासाठी परवानगी मागावी लागते. दुरुस्तीत सहा महिने दिरंगाई झाल्याने माणसाची जमीन कायद्याच्या दुसऱ्या रकान्यात जाते, हे त्याच्यावर अन्याय करणारं आहे, आणि यात तिवरांचंही भलं नाही. ज्यांच्या हातून ती राखली गेली असती, त्या लोकांच्याच मनात त्यांच्याविषयी राग भरतो.

चक्रीवादळांचा धोका कमी करण्याच्या राष्ट्रीय प्रकल्पातून अलीकडे रायगडमधल्या काही खारबांधांच्या मजबुतीला पैसा आला. २०२० च्या निसर्ग वादळानंतर त्याची गरज कोणाला पटवून द्यावी लागली नाही. ही कामं चांगलीच आहेत. पण काम संपून ठेकेदार गेला, हमीचा काळ सरला, की त्या नव्या, रुंद, दगडी अस्तराच्या बांधावरही खेकडा येणारच आहे. त्या दिवसासाठी आज काय ठरवून ठेवलं आहे, हे मी वाचकांना प्रत्येक ठिकाणी विचारायला सांगेन.

पुढच्या प्रकरणांत बांधाच्या मातीबद्दल, उघाड्यांच्या घडणीबद्दल, खात्याच्या आणि गावाच्या हिशोबांबद्दल बरंच आहे. घाई असलेल्या वाचकाने निदान परवानग्यांचं प्रकरण आधी वाचावं. किरकोळ दुरुस्तीची परवानगी गावपातळीवर, अर्जाच्या दिवशीच मिळावी आणि तपासणी नंतर व्हावी, अशी मागणी तिथे केली आहे, आणि ती मला पूर्णपणे मान्य आहे. भांगाचे कामाचे दिवस चार-पाचच असतात. ते हुकले की अमावास्येचं किंवा पौर्णिमेचं उधाण येतं, आणि पुढचा भांग येईपर्यंत हातभर खांडीचा अंदाज फाडून नवा करावा लागतो.